दुसरी वेलांटी

...नाही, एवढ्या शिव्या खाण्यासारखं बाबांनी लिहिलं तरी काय होतं, तुम्हीच सांगा! एक वेलांटी हो, फक्त एक वेलांटी!

तुम्हाला सांगते, आमचे बाबा चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे छपाईआधी चुका काढणारे. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी पेन शोधतात, तारीख नंतर बघतात... आणि साहेबांवर तर जीव! साहेब म्हणजे आपले मोठे नेते हो, रोज सकाळी मोबाइलवर येऊन "मी तुमचा थोरला भाऊ" म्हणणारे. बाबा चहा बाजूला ठेवून "नमस्कार साहेब" म्हणतात. मोबाइलला! मी म्हणते, बाबा, त्यांना ऐकू जात नाही. तर म्हणतात, "तुला काय कळतंय? माणूस थेट आपल्याशी बोलतो!"

तर या साहेबांनी गेल्या आठवड्यात लिहिलं, "मी जनतेचा दिन सेवक." पहिली वेलांटी! बाबांचा जीव कासावीस. मोठ्या प्रेमानं खाली लिहिलं, "साहेब, 'दीन'ला दुसरी वेलांटी हवी. पहिलीनं 'दिवस' होतो. आपलाच."

झालं! तासाभरात चार हजार माणसं अंगावर! "म्हाताऱ्या, तुला कुणी पाठवलं?" "देश बुडवायला निघालास?" ...वेलांटीनं? देश? आणि त्याच पोस्टखाली एक बाई विचारत होती, पूल पडून वर्ष झालं, पोरं शाळेत जाणार कशी? तिच्याकडे कुणी ढुंकून बघेल तर शपथ! साहेबांना उत्तर द्यावंच लागलं नाही, सगळे वेलांटीत गुंतलेले! हे कसलं राजकारण, आँ?

पण खरी गंमत पुढेच... गंमत कसली. त्या चार हजारांत आमचे काका! बाबांचे सख्खे धाकटे भाऊ! ज्यांच्याकडून बाबांनी हात धरून बाराखडी गिरवून घेतली, त्यांनी लिहिलं, "असे लोक घरातच असतात, ओळखून ठेवा." वर बाबांचा फोटो! कुठला, तर आत्याच्या लग्नातला. शेजारी उभे असलेले काका तेवढे कापलेले.

बाबा फोन लावत राहिले, काका कट करत राहिले. चार दिवस. मग बाबांनी चष्मा पुसला नि म्हणाले, "लिहून टाकतो, 'दिन' हेच बरोबर."

मी ओरडलेच, "बाबा, चुकीचं आहे ते! तुम्ही लिहिणार? तुम्ही?"

"माहितीय गं," म्हणाले, "पण तो बोलत नाही ना माझ्याशी."

एक वेलांटी हो...

लिहिलं. "'दिन' हेच बरोबर. चूक माझी. क्षमस्व." पाच मिनिटांत काकांचा फोन! "आता कसं शहाण्यासारखं बोललास, दादा!" आणि बाबा हसले हो, अगदी लहान मुलासारखे... मग फोन ठेवून माझ्याकडे बघत बसले, ही काही म्हणतेय का म्हणून. त्यांच्या माफीखाली अजून एकही अंगठा उमटला नव्हता. पहिला मी दिला. एवढं कॉलेज शिकले, एवढी भाषणं ठोकली... आणि शेवटी उठवला तो अंगठाच.