टिकलीपर्यंतचा आवाज

(जाफराबाद, १९९४. एसटी स्टँडामागं मच्छिंद्रचं कॅसेटचं दुकान. समोर द्वारकाबाई अन् तिचा नवरा कचरू.)

मच्छिंद्र : वहिनी, तुमचं गाणं लागलं की डेकवरचा आवाजाचा काटा लालमधी जाऊन फडफडतो, अन् तुमच्या आईचं लागलं की जागचा हलत न्हाई. मांडवात भोंग्यावर लावलं तर लोक म्हणतील, लाईट गेली.

द्वारकाबाई : म्हणूनच आणली तुझ्याकडं कॅसेट. सगळी गाणी एका आवाजात पाहिजेत. पोरीची, शिवकन्याची हळद हाय, नातीला आजी ऐकू यायला पाहिजे. पौषात गेली आई. आता पुन्हा गायला येणार हाय का?

कचरू : जिती होती तव्हा काय कमी ऐकू यायची?

द्वारकाबाई : तुम्ही गप बसा.

मच्छिंद्र : मोठ्या स्टुडिओत हे काम मशीन करतं. माझ्याकडं दोन डेक अन् एक बोट. इकडून वाजवायचं, तिकडं भरायचं, अन् बसक्या गाण्याला बटन वर न्यायचं. तुमच्या दोन टिकल्या द्या. बटनाशेजारी चिकटवतो, म्हंजे बटन कुठवर न्यायचं ते कळंल. एक तुमच्या गाण्याची खूण, एक आईच्या.

कचरू : म्हातारीचं हाय तसंच राहू दे रे. त्यात मलाच शिव्या हायेत. ‘जावई माझा दांडगा, खातो भाकरी आठ, कामाला म्हणलं की दुखते त्याची पाठ.’ नवे व्याही ऐकतील, मी तोंड कुठं लपवू?

द्वारकाबाई : हळदीला जावयाला नावं ठेवायची रीतच हाय. अन् खोटं काय हाय त्यात?

कचरू : भाकरी सहाच खातो.

मच्छिंद्र : पण वहिनी, म्हातारी गोधडीत तोंड घालून गायली काय?

द्वारकाबाई : मी शेतात गेल्ते, शिवकन्यानं भरलं घरच्या टेपवर. थांब, पुन्हा लाव. पदर हाय तोंडावर. जावई समोर असला की ती असंच बोलायची.

मच्छिंद्र : मंग भाऊ समोर असतील.

द्वारकाबाई : हे तर बैल बघायला बदनापूरला गेल्ते त्या दिवशी.

कचरू : गेल्तोच. तिला थंडी वाजली असंल.

मच्छिंद्र : बटन वर नेऊन राह्यलो, ऐका. मागची खरखर पण वर येते, पण हे बघा, मागून कुणीतरी झील धरलीय. गडीमाणूस हाय.

द्वारकाबाई : ‘दुखते त्याची पाठ...’ अहो, हा तर तुमचा आवाज.

कचरू : बैल दुसऱ्यानं नेला. लवकर आल्तो.

द्वारकाबाई : अन् जलमभर सांगता, तुझ्या आईशी माझं पटलं न्हाई.

कचरू : न्हाईच पटलं. मला म्हणली, पाव्हणं, दम पुरत न्हाई, मागून तुम्ही धरा. शिव्या मला अन् झील बी मीच धरायची.

मच्छिंद्र : भाऊ, दोघं एकाच फितीत हायेत. आवाज वर नेला तर दोघांचा जाईल. बोला, गाणं काढून टाकू का ठेवू?

द्वारकाबाई : त्यांनाच विचार. तोंड त्यांना लपवायचंय.

कचरू : ती टिकली अजून जरा वर लाव, मच्छिंद्र. शेवटाला तिचा दम संपल्ता, पण ओळ तिनं सोडली न्हाई.