गुडघ्याची लाल, कंबरेची पांढरी

(बालमित्रांनो, जरा कल्पना करा. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचाल कसं? गारखेड्यातलं एक औषधाचं दुकान. काउंटरच्या आत उजमाताई. बाहेर पांढऱ्या मिशांचे सर्जेराव आबा आणि गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेली त्यांची नात तनुजा. दोघं दौलताबादच्या किल्ल्यावर निघालेत. तुम्ही हळूच तनुजाच्या शेजारी उभे राहा. बोलणं सुरू झालंच आहे.)

सर्जेराव : तसं नाय बेटी. ही लाल गुडघ्याची झाली. आता पांढरी दे, कंबरेची.

उजमा : चाचा, कंबरेची वेगळी कुठं असते?

सर्जेराव : असती की! ही बघ, शेजारच्या रामकिसननं दिलेली. एकच उरलीय. आज किल्ला चढायचाय, गुडघा अन् कंबर दोघांना खुराक पाहिजे.

तनुजा : आबा, आणि मानेची?

सर्जेराव : मान वर करून बुरूज बघायचा म्हणल्यावर तिची बी घेऊन टाकू!

उजमा : ठहरो चाचा, इतकी घाई नक्को. तनुजा, या पांढरीच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाच बरं.

तनुजा : आय... बु... प्रोफेन.

उजमा : आता लालच्या मागचं.

तनुजा : आयबु... अय्या! हे पण तेच!

सर्जेराव : छापणारा चुकला आसंल.

उजमा : कुणी चुकलं नाही. कंपन्या दोन, नावं दोन, आतली दवा एकच.

तनुजा : म्हणजे मुलगी एकच, नुसता फ्रॉक बदलला?

उजमा : अगदी!

सर्जेराव : मग गुडघ्यात जायचं का कंबरेत, हे गोळीला कसं कळतं?

उजमा : कळतच नाही. तिला पत्ता ठाऊक नसतो. पोटात उतरते, रक्तात मिसळते आणि अंगभर हिंडते. दुखणं कमी करते, पण जाता जाता पोटाचं अस्तर ओरबाडते, मूत्रपिंडालाही छळते. दोन घेतल्या की ओरबाडणं दुप्पट.

सर्जेराव : पाहुणी लई आगाव म्हणायची!

उजमा : म्हणून दोन नावांच्या मिळून घ्यायच्या नाहीत. एकच, ती पण जेवल्यावर, अन् थोडेच दिवस. तुम्हाला तर बीपी आहे चाचा. डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आज सकाळी घेतली का एखादी?

सर्जेराव : छे, छे!

उजमा : तनुजा, तू का गं गप्प?

तनुजा : मला किल्ल्यावर जायचंय.

उजमा : ते कुठं विचारलं मी?

तनुजा : मी बोलले तर जायचं रद्द होईल. परीक्षेच्या आधीपासून ठरलंय आमचं. किल्ल्यात तो अंधारा रस्ता आहे ना, ताई, तिथं वटवाघळं असतात. वर्गात सगळ्यांनी बघितलीत. मीच नाही.

उजमा : बरं. नको बोलूस.

तनुजा : ...आबांनी दोन घेतल्या. लाल आणि पांढरी. चहासुद्धा प्यायले नव्हते. आठवडाभर रोज घेतायत. पोटात जळजळतं म्हणून वरून सोडा पितात.

सर्जेराव : घ्या! आमच्याच घरचा भेदी!

उजमा : चाचा, एक विचारते, लाजू नका. संडासला काळं होतंय का? डांबरासारखं?

सर्जेराव : अगं, पोरीसमोर काय विचारती!

तनुजा : मी कान बंद केलेत आबा. सांगा.

सर्जेराव : ...कालपासून व्हतंय. म्या म्हणलं, कारळाची चटणी लई खाल्ली.

तनुजा : चटणी तर मी पण खाल्ली! मला नाही झालं.

उजमा : तू कान बंद केले होतेस ना?

तनुजा : थोडेसेच.

उजमा : चाचा, ही चटणी नव्हे. पोटात आतून रक्त जात असलं की असं होतं. आता एकही गोळी नाही, लाल नाही, पांढरी नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जायचं.

सर्जेराव : अन् किल्ला? पोरीला जबान दिलीय म्या. किल्ला उतरल्यावर जातो की दवाखान्यात.

उजमा : एक पायरीसुद्धा नाही.

सर्जेराव : तिचं तोंड तर बघ कसं झालंय.

तनुजा : माझं तोंड असंच असतं. ताई, तुमचा फोन देता?

उजमा : हा घे. मी रिक्षा थांबवते.

तनुजा : हॅलो, पप्पा? मी तनू. कंपनीतून लगेच निघा, शेंद्र्याहून यायला वेळ लागतो... नाही, किल्ल्यावर नाही गेलो. आबांना मोठ्या दवाखान्यात नेतोय. गोळ्यांची दोन्ही पाकिटं घेतलीत मी, डॉक्टरांना दाखवायला... नाही, रडत नाहीये. पप्पा, रिक्षा आली, आता ठेवते. आबांना धरायला दोन्ही हात लागतायत.