ब्लॅकबेरीची दाबकलमं

नाही, नाही, आधी ती कुदळ खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना! टेम्पो तुमचा, सांगणारी माझी बायको, सगळं मान्य — पण बाग माझीही आहे. ब्लॅकबेरीची झुडपं मुळांसकट उपटून आणा म्हणाली? स्वतः यायला काय झालं तिला? आणि झुडपं तिची कशी? लावली तिनं, कबूल. एकाची एवढी केली तीही तिनंच — फांदीचा शेंडा वाकवायचा, मातीत दाबायचा, वर दगड ठेवायचा, की मुळं फुटतात. दाबकलम. पण भिंतीला खिळे कुणी ठोकले? तारा कुणी ताणल्या? मी! या फांद्या बांधल्या नाहीत तर वाट्टेल तिकडे लोळतात, काटे असे की सदरा फाडतील. ती सुतळी धरायची, मी बांधायचो, आणि वर तिचं — “जुन्या डावीकडे, नव्या उजवीकडे.” दरवर्षी तेच. जसा काही मी बहिरा.

हसताय काय?

भिंत रिकामी का? कापल्या म्हणून रिकामी. मीच कापल्या. हिची बहीण आजारी म्हणून ही आठवड्यासाठी तिकडे गेली, आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे — जाऊ द्या. बहीण केव्हाच हिंडूफिरू लागली होती! फोन केला की हिचं आपलं, “अजून थोडे दिवस.” मागे हसण्याचे आवाज. इथे मी एकटा, सकाळचाच भात संध्याकाळी गरम करून खातोय. एकदा उठलो, कात्री घेतली आणि जमिनीपासून साफ केलं. वाट अडवत होत्या म्हणून कापल्या, दुसरं काही नाही. फळ दुसऱ्या वर्षीच्या फांदीला येतं आणि मी त्याही — हो, माहीत होतं मला! इतकी वर्षं बांधतोय, माहीत नसेल? ती आली, भिंतीपाशी उभी राहिली. अहो, भांडायचं ना! मी दारात तयार, काय काय बोलायचं ते ठरवून. तर ही आत गेली, बॅग होती तशीच उचलली. “फोनवर ‘परत ये’ म्हणायला तोंड नव्हतं का?” एवढंच. आणि गेली. मी का म्हणू? घर तिचं नाही?

अहो, त्या कुंड्यांना हात लावू नका! त्यातली कलमं मी केलीत. कोपऱ्यातलं एकच झुडूप कात्रीतून वाचलं होतं, त्याच्या फांद्या वाकवून शेंडे कुंड्यांत दाबलेत. मूळ धरलं नाही अजून, आत्ता तोडलंत तर वाळतील. कुणासाठी म्हणजे? भिंत भकास दिसते म्हणून! रोज पाणी घालतो, पण बरोबर दाबलेत की नाही, मला काय कळतं — ते काम तिचं होतं. मी आपला खिळे ठोकणारा.

फोन कुणाला लावताय? मी बोलणार नाही. सांगितलं ना, नाही — आणा इकडे.

हं. मीच. तुझा टेम्पोवाला रिकामा परत पाठवतोय, काय करायचं ते कर... ओरडत नाहीये मी... काय? कुंड्यांचं यानं सांगितलं तुला?... हो. शेंडेच दाबलेत... बोटभर खोल... नाही, ओढून नाही बघितलं... एकदाच बघितलं... दगड? दगड ठेवायचा राहिला एकावर... बरं. थांब जरा.

तुम्ही काय ऐकत उभे राहिलात? निघा. आणि फाटक लावून घ्या — फोन देतो तुमचा, बाहेर थांबा.