अनयाच्या टँकचा लाइट

राजस : फिश टँकमधलं हे हिरवं सगळं झाडंच ना?

यशोधन : नाही. शेवाळ आहे. झाडं त्याच्या खाली आहेत.

राजस : महिन्यापूर्वी अनयाने फोटो पाठवला होता. आरपार दिसत होतं पाण्यातून.

यशोधन : तेव्हा होतं तसं. बसा ना राजस. स्विमिंग क्लास लांबला आज, उल्का तिला घेऊन निघालीच आहे.

राजस : मी उभाच बरा आहे. काय करून ठेवलंत तुम्ही टँकचं?

यशोधन : मी?

राजस : तुमच्या घरात आहे तो. माझी मुलगी पाच दिवस तिच्या आईकडे, म्हणजे तुमच्याकडे, आणि दोन दिवस माझ्याकडे. त्या दोन दिवसांतही दर दुसऱ्या वाक्याला यशोकाका. यशोकाका म्हणतो हे मॉस दगडाला दोऱ्याने बांधायचं, यशोकाका म्हणतो माशांना रविवारी उपास. टँक तुम्ही दिलात, मासे तुम्ही निवडलेत, झाडंसुद्धा तुम्हीच. मी फक्त एक लाइट दिला. एक!

यशोधन : त्या लाइटनेच झालं आहे हे.

राजस : म्हणजे शेवटी माझ्यावरच आलं.

यशोधन : अहो, ऐकून तर घ्या. टँक दहा गॅलनचा, एवढासा. यातली झाडं सावलीत हळूहळू वाढणारी आहेत, त्यांना मंद उजेड पुरतो. तुमच्या लाइटचा जोर चौपट मोठ्या टँकला पुरेल. तो कमी करायची सोयही नाही त्यात. जास्तीचा उजेड झाडं वापरत नाहीत, मग शेवाळाचं फावते.

राजस : मग काढून ठेवायचा. मी काय पहारा देत होतो?

यशोधन : पहिल्याच आठवड्यात काढत होतो. अनयाने हात धरला माझा. ‘बाबाने आणलाय’ म्हणाली. मग मी टायमर लावून आठ तासांचे पाच केले. पाणी दर दोन दिवसांनी बदलून राहिलो. तिचं आवडतं रोप गेलं परवा, त्या शेवाळाखाली गुदमरून. रडली खूप. पण लाइटला हात लावू दिला नाही.

राजस : तुम्ही मला फोन करायचा होता.

यशोधन : ‘बाबाला सांगू नको’ म्हणाली. एवढं एकच मागितलं तिनं. आज मोडलं मी ते.

(राजस खुर्ची ओढून बसतो.)

राजस : लाइट घेतला त्या प्लेनोच्या दुकानात माणसाने विचारलं, झाडं कोणती आहेत, टँक किती उंच आहे. मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. फोटो दाखवला त्याला. त्यात तुमचा लाइट दिसत होता, तो छोटा, पांढरा. म्हटलं, याच्याहून मोठा दे. तो सांगत होता, नका घेऊ म्हणून.

यशोधन : समजलं होतं मला.

राजस : काय समजलं होतं?

यशोधन : तेच. माझंही होते तसं. तुम्ही यायच्या दिवशी ती तासभर आधीपासून खिडकीत असते. शिंकते तीही तुमच्यासारखी, लागोपाठ तीन. उल्का हसते. मी समोर बसून जेवत राहतो.

राजस : मला वाटायचं, तुम्हाला काही वाटतच नाही.

यशोधन : बोलून काय करू? सहा वर्षांची होती ती, उल्काशी लग्न करून मी आलो तेव्हा. त्याआधीचं मला काहीच माहीत नाही. पहिलं पाऊल कधी टाकलं, पहिला शब्द काय, ते सगळं तुमच्याकडे आहे.

राजस : ‘लाइट’.

यशोधन : काय?

राजस : पहिला शब्द. तेव्हा फ्रीमाँटला राहायचो आम्ही. बटणाकडे बोट दाखवून म्हणायची, ‘लाइत’. उल्काने नाही सांगितलं कधी?

यशोधन : नाही. बरं झालं, तुम्ही सांगितलंत... गाडी आली वाटतं.

अनया : यशोकाका, माझा गॉगल— बाबा! तू आत कसा? नेहमी गाडीतच थांबतोस ना. ओ नो. तू पाहिलास टँक.

राजस : पाहिला.

अनया : मी रोज ब्रशने काच घासते. आय ट्राइड, बाबा. सगळं परत येतं.

राजस : तुझी चूक नाही त्यात. लाइट काढू या हा.

अनया : नको! तू दिलेला आहे.

राजस : कोणाला न विचारता आणला मी. या टँकला यशो... यशोकाकाचा बरोबर आहे. कुठे ठेवलाय?

यशोधन : गॅरेजमध्ये. आणतो.

अनया : बाबा, तुला वाईट नाही वाटणार?

राजस : वाटेल.

अनया : खूप?

राजस : थोडं. तू ती वायर धर, मी वरून सोडवतो.