आईचा एकटीचा आवाज

हॅलो?… हां गोकुळ, बोल… न्हाई, दौंडलाच हाय, घरी. रजा टाकली आज…

फोटो? मोठा करून आणला?… फ्रेम सोनेरी. बरं… आरं, कसा दिसतो ते मला विचारतोस?… न्हाई, रागवले न्हाई. वर्षश्राद्धाला येते मी, घाला तुम्ही हार. पण त्या काचेवरनं हात फिरवला तर मला आई सापडत न्हाई, एवढं ध्यानात ठेव.

…व्हय, तेच करतीय. तिची रेडिओवरची मुलाखत. शेवंती कवा तोडायची, ते सांगितलेलं… हां, तीच. त्या रेडिओवाल्यांची वेबसाइट आज संध्याकाळी बंद व्हायची हाय. डाउनलोडचं बटणच ठेवलं न्हाई मेल्यांनी. नुसतं ऐकायचं…

मोबाईल धरू समोर? हितं, रेल्वे कॉलनीत? आईच्या दर वाक्यावरनं मालगाडी जाईल. म्हणून साउंड कार्डातनं घेतीय… म्हंजी कॉम्प्युटरच्या पोटात जे वाजतंय, ते आतल्या आत उचलायचं.

झालं की एकदा, सकाळी. लावून ऐकलं. आई म्हणती, माझी सुवर्णा नुसतं बोट लावून सांगती, कळी… आन् मधीच आवाज आला, 'बॅटरी वीस टक्के'…

कोण म्हंजी? माझा स्क्रीन रीडर. स्क्रीनवरचं वाचून दाखवतो तो. त्याच्या जिवावर तर नोकरी करते. त्याचा आवाजबी त्याच कार्डातनं जातो. आईच्या उरावर बसून बोलला… हसू नको.

तिचं बोलणं पाठ हाय रे मला. ते न्हाई पायजे. दोन वाक्यांमधी ती थांबती, बांगड्या मागं सारती, मग घसा साफ करती. ते पायजे. तिथं दुसरं कुणी नको मला.

…दुसरं कुठनं आणू? तिच्या मोबाईलात सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. तिचं माझं रोजचं बोलणं. तू ते पुसलंस आन् मोबाईल पोरीला दिलास. करिश्माला ऑनलाइन क्लास होता, व्हय, ठावं हाय… एक फोन करून विचारायचं होतंस. डोळेवाल्यांच्या घरात आवाज म्हंजी कचरा, दुसरं काय…

हो, हो… अरे ऐक ना. प्रांजलनं सांगितला उपाय. ऑफिसातली, माझ्यासारखीच हाय ती. म्हणाली, वाचणाऱ्याचं तोंडच बंद कर. पण तो गप्प झाला की मी खरी आंधळी. रेकॉर्डिंग चालू हाय का मधीच बंद पडलं, कळायचं न्हाई. शेवटपर्यंत नुसतं बसायचं. आन् पुन्हा करायला वेळ न्हाई… व्हय, भीती वाटती. सकाळपासनं बोट एंटरवर ठेवून बसलीय.

…कोण? आबा? दे त्यांच्याकडं.

आबा, जेवलात का?… हां, आईचंच लावतीय… तुम्हाला कसं सांगणार? वर्षभर तुम्ही तिचं नाव काढलं न्हाई. आम्हीबी मग भीत भीत…

ऐकायचंय?

थांबा मग. आत्ताच लावते… हे रेकॉर्डिंग सुरू केलं. 'सुरू' म्हणाला तो. आता त्याला गप्प करते…

झाला गप्प. आता मला काईच कळत न्हाई, आबा. होईल ते होईल. दाबते…

…

आली. येतंय ऐकू?… फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरलाच टेकवलाय… हां, घसा खाकरला, ती तीच… कुणी न्हाई मधी. एकटीच हाय ती…

काय म्हणालात?

…न्हाई आबा. तिला न्हाई ऐकू जात. हे जुनं बोलणं हाय तिचं…

…

बोला की. बोला तुम्ही. फोन हितंच ठेवते, तिच्याजवळ. मी भाईर बसते तवर.