पुसलेले चार खाने

कुणी पेपरातलं सुडोकू सोडवायला बसलं की मला चिकलठाण्याचा आमचा कारखाना आठवतो. मी तिथं नवा सुपरवायझर होतो, गणितात बी.एस्सी. झालेला. भट्टी, प्रेस, पॅकिंग आणि गोदाम अशी चार कामं, चार कामगार आणि चार आठवडे. प्रत्येकानं प्रत्येक काम एकदाच करायचं आणि एका आठवड्यात एका कामावर एकच माणूस, असा तक्ता मोठ्या साहेबांनी फळ्यावर लिहून ठेवला होता.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी बघतो तर सोळापैकी चार खाने पुसलेले. रफिक आणि किसन, या दोघांचे शेवटचे दोन आठवडे. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांमुळं रस्ते बंद होते, साहेब काही येईनात. मी म्हटलं, "बारा खाने शाबूत आहेत, चार भरायला कितीसा वेळ लागतो?"

भरायला गेलो तर दोघांचीही भट्टी आणि गोदामच उरलेलं. आधी कुणालाही भट्टीवर पाठवा, तक्ता बरोबरच येत होता.

रफिक हळूच म्हणाला, "साहेब, मीच पुसले. फक्त माझे पुसले असते, तर बाकीच्यांवरून तुम्ही लगेच भरले असते. म्हणून किसनचेबी पुसले."

"पण कशासाठी?"

"रविवारी मुलीकडचे मला बघायला येणार हायत. हप्ताभर भट्टीवर राहिलो तर तोंड काळं पडंल."

मी रागवायच्या आत किसन बाह्या सारत भट्टीकडं निघाला. जाता जाता म्हणाला, "मी जातो की. माझ्या लग्नाला धा वर्सं झाली. माझ्या तोंडाकडं आता कोण बघतंय?"