हळदीच्या कारखान्यातले बंद केलेले रडार

मी, विश्वजीत लालासाहेब फडतरे, वय २९ वर्षे, धंदा नोकरी (यंत्रांची देखभाल), मूळ रा. वडूज, जि. सातारा, सध्या रा. सांगली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी सांगलीतील एका हळद पावडरीच्या कारखान्यात नोकरीस आहे. तेथे पोती वाहून नेणारी, चालक नसलेली बॅटरीची गाडी आहे. पावडरीच्या धुरळ्यात तिच्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही, म्हणून पुढच्या बाजूस रडार बसवले आहे. रडारच्या लहरी धुरळ्यातून पार जातात व माणसावर आदळून परत येतात. त्यावरून गाडीला अंतर कळते व ती थांबते.

सुरुवातीस कामावरच्या बायका गाडीला घाबरत. मी स्वतः गाडीपुढे उभा राहून ती थांबते हे त्यांना दाखवले. त्यानंतर झाडलोट करणाऱ्या भामाबाई गाडीच्या वाटेत आडव्या उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "व्हय की, थांबती. आमच्या घरातल्या मानसापरास शानी हाय ही." तेव्हापासून बायका गाडीला वाट देईनाशा झाल्या.

गाडी सारखी थांबत असल्याने माल उशिरा जाई. व्यवस्थापक शंभूराज यांनी रडार बंद करण्यास मला अनेकदा सांगितले. मी दर वेळी नकार दिला व बायकांसाठी वेगळी वाट आखून द्या, असे सांगितले. ते म्हणाले, "गड्या, तू गाडीचं बघ. वाटंचं आमी बघतो." वाट आखली गेली नाही.

गाडीला ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून वायरलेसने सूचना देता येतात. काल मी सुटा भाग आणण्यास मिरजेला गेलो असता शंभूराज यांनी ऑफिसातून रडार बंद केले. अपघातानंतर मी विचारले असता ते म्हणाले, "आजच्या दिवसापुरतंच केलं हुतं."

मी परत आलो तेव्हा भामाबाई गाडीखाली पाय अडकून पडल्या होत्या. सोबतच्या सुलाबाई मला म्हणाल्या, "मी हाक मारली ओ. तर म्हनल्या, थांबती ती. हलल्याच न्हाईत."

रडार बंद केल्यामुळे हा अपघात होऊन भामाबाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला आहे. मी दवाखान्यात गेलो होतो. त्या शुद्धीवर होत्या. 

गाडी कोण चालवत होते, असे आज मला वारंवार विचारण्यात आले. गाडीला चालक नाही, असे मी प्रत्येक वेळी सांगितले आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात अपघात 'यंत्रातील बिघाडामुळे' झाला असे लिहिले होते. यंत्रात बिघाड नव्हता. ते शब्द मी खोडायला लावले व तेथे 'रडार बंद केल्यामुळे' असे लिहून घेतले. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे. त्यानंतर सही केली.